बारावा फर्मा

खून पहिल्याच पानावर झाला आणि परदेशात आल्यापासून काकांना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

त्याआधीचे दोन दिवस त्यांचे वाईट गेले होते. विमानात पाय आखडले, आगगाडीत डोळ्याला डोळा लागला नाही, आणि एवढा आटापिटा करून पोचले तर समोर समुद्र. समुद्राबद्दल काकांची तक्रार नव्हती, पण बघून बघून माणूस तो किती बघणार? पाच मिनिटांत बघून होतो. उरलेल्या दिवसाचं करायचं काय? चाळीस वर्षं रोज सकाळी सातला खळ ढवळायला घेणारा हा माणूस. काम नसलं की त्यांचे हात आपणहून काम शोधायला निघत. खोलीतल्या टेबलावर कागदी रुमालांची चवड होती. ती त्यांनी पहिल्याच सकाळी ठोकून ठोकून कडेला कड लावून सारखी केली. दुसऱ्या दिवशी त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. त्याची वरची पट्टी सुटत आली होती.

"अहो, सुट्टीवर आलोय आपण," काकू म्हणाल्या.

"मी कुठे नाही म्हणतो?"

"मग त्या कॅलेंडरला हात लावू नका."

काका म्हणजे बुकबाइंडर. प्रकाशकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू, तेव्हा आपणही तेच म्हणू. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं हट्टाला पेटून दोघांना इथे धाडलं होतं. आठ दिवस, समुद्रासमोरच्या एका अरुंद घराचा दुसरा मजला, एक खोली, एक गॅलरी आणि गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या. घरमालकीण खाली राहायची. पन्नाशीची, उंच, कामसू बाई. तिची भाषा यांना येत नव्हती आणि यांची तिला. काका तिच्याशी सरळ मराठीत बोलत, ती तिच्या भाषेत उत्तर देई, आणि गरम पाणी काय, जादा उशी काय, सगळं बिनबोभाट मिळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर काकूंनी बॅगेतून कादंबरी काढली.

ही कादंबरी काकांच्याच कारखान्यात बांधलेली. कारखाना म्हणजे घराला लागून दोन खोल्या, पण म्हणायचं कारखाना. कुठलंही पुस्तक बांधायला आलं की एक प्रत घरी ठेवायची, ही प्रकाशकांशी जुनी बोली. इतर पुस्तकांचं काका फारसं मनावर घेत नसत, पण खुनाची कादंबरी आली की त्यांची कळी खुले. आधी ते वाचत, मग काकू. घरात नियम एकच: ज्याचं वाचून झालं त्यानं ब्र काढायचा नाही. एकदा काकू मधल्याच पानावर असताना काकांची नुसती भुवई वर गेली होती, आणि त्या भुवईवरून काकूंनी खुनी ओळखला. तेव्हापासून काकूंचं वाचन चालू असलं की काका दुसऱ्या खोलीत बसत.

ह्या वेळी मात्र काकू म्हणाल्या, "तुम्ही मोठ्यानं वाचा. एका वेळी दोघांचं होईल."

"तू वाच की. मी थांबतो."

"माझा चष्मा घरीच राहिला."

काका मनातून सुखावले. आपल्या आवाजाबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून बरं होतं. चाळीस वर्षांत काडेपेटीसुद्धा न विसरलेली ही बाई परदेशी येताना चष्माच कसा विसरली, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले.

गोष्ट झकास होती. एक घड्याळजी आपल्या दुकानात मरून पडलेला. दुकानाला आतून कडी. भिंतीवर चाळीस घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. तपासाला आलेला हवालदार बारमाही सर्दीवाला. महत्त्वाचं काही सापडलं की हमखास शिंकायचा. संशयित तिघे: घड्याळजीचा भाचा, शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर, आणि बंगल्यात राहणारी एक बाई, जिचं सोन्याचं घड्याळ दुरुस्तीला आलेलं होतं.

"भाचाच," काका पहिल्या तीस पानांतच म्हणाले.

"कशावरून?"

"तुझा भाचा बघितलाय म्हणून."

"माझ्या माहेरावर घसरायचं काम नाही. कंपाउंडर आहे तो. बाटल्यांशी खेळणारा माणूस. पुढे वाचा."

सकाळी एक बैठक, दुपारी चार वाजता एक. काका वाचत आणि काकू समुद्राकडे तोंड करून, मान थोडी तिरकी धरून ऐकत. मधेच एखादी शंका काढत, आणि ती नेमकी हवालदाराला पुढच्या पानावर येई. काकांना हे आवडायचं. इतक्या वर्षांत दोघं एकाच वेळी एकाच पानावर कधी आलीच नव्हती. चौथ्या दिवशी तर त्यांना वाटून गेलं, की समुद्रही काही वाईट नाही.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत आणि पुढचं दुःख दोन्ही कळायचं नाही.

छापखान्यातून मोठे छापील कागद येतात. एका कागदाला घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. त्याला म्हणायचं फर्मा. ह्या कादंबरीचे फर्मे बारा. लांब टेबलावर बारा फर्म्यांच्या बारा थप्प्या क्रमानं लावायच्या आणि टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीवरून एकेक फर्मा उचलत जायचं. एक फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक. ह्या कामाला जुळणी म्हणतात. काम दिसायला सोपं, पण पाचशे फेऱ्यांत एकदा जरी हात चुकला तर कुठल्यातरी वाचकाच्या पुस्तकात एक फर्मा दोनदा येतो आणि एक येतच नाही. म्हणून जुळलेलं पुस्तक शिवण्याआधी तपासतात. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, तो क्रमानं पाहत जायचं.

जुळणीचं टेबल काकूंचं. लग्न होऊन आल्याला महिना झाला नव्हता तेव्हापासूनचं. आणि काकूंची जुळणी तपासायची नाही, हा कारखान्यातला कायदा. पहिल्या वर्षी काकांनी एकदा तपासली होती. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "सापडली का चूक?"

"नाही."

"मग जेवायला या."

जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "ज्या दिवशी माझ्या हातून एक फर्मा चुकेल ना, त्या दिवशी मी आपणहून टेबल सोडीन. तोवर माझ्या मागून कोणी बघायचं नाही." काकू बोलत कमी, पण बोलल्या की काळ्या दगडावरची रेघ. काकांनी पुन्हा कधी बघितलं नाही. बाकी सगळ्यांचं काम ते भिंगातून बघत, स्वतःचंसुद्धा. काकूंनी जुळवलेला गठ्ठा मात्र डोळे मिटून शिवायला घेत.

पाचव्या दिवशी सकाळी घरमालकीण काकूंना बाजारात घेऊन गेली. काका मागे राहिले. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा काही दुखत नव्हता. वाचन आदल्या दिवशी अशा जागी थांबलं होतं, की हवालदारानं घड्याळजीच्या टेबलाचा खण उघडला आणि तो शिंकला. बस्स, फर्मा दहा समाप्त. काकांना रात्रभर भाचा दिसत होता. नियम मोडणं वाईट, हे त्यांना मान्य होतं. पण एकच पान, आणि भुवईवर ताबा ठेवायचा, असं ठरवून त्यांनी पुस्तक शेवटाकडे उघडलं.

एकशे शहात्तर पानापर्यंत सगळं ठीक. त्यापुढे एकशे एकसष्ट.

काकांनी पान मागं केलं, पुढं केलं. एकशे एकसष्ट. पुन्हा तोच उघडा खण. पानाखालचा आकडा पाहिला: अकरा. आधीच्या फर्म्याखाली पाहिला: अकरा. बारावा फर्मा पुस्तकात नव्हताच.

पहिल्यांदा त्यांना राग आला, आणि तो नेहमीप्रमाणे कटिंगवाल्यावर आला. तो माणूस कडा कापायचं यंत्र चालवताना गाणी म्हणतो. पण कटिंग होतं शेवटी, तोवर पुस्तक शिवून झालेलं असतं. गाण्याचा ह्यात काही दोष नव्हता. मग काकांनी पुस्तकाची पाठ थोडी दाबून मधला दोरा पाहिला. टाके सारखे, गाठ डावीकडे. ही गाठ साऱ्या धंद्यात एकच माणूस घालतो आणि तो ह्या क्षणी वेताच्या खुर्चीत बसला होता. म्हणजे शिवलं आपणच. ह्या एका प्रतीचंच घाईघाईनं शिवून, पुठ्ठा चढवून पुस्तक केलं होतं, प्रवासात वाचायला हवं म्हणून. उरलेल्या पाचशे प्रती नुसत्या जुळवून टेबलाखाली ठेवल्या होत्या. शिलाई परत गेल्यावर.

आणि जुळणी?

जुळणी एकाच माणसाची. दुसरा संशयितच नव्हता.

काका पुस्तक मांडीवर ठेवून बसले. काकूंचा हात चुकला, हे त्यांच्या पचनी पडेना. रोज उगवणारा सूर्य एखाद्या सकाळी उगवायचं राहिलं म्हणाला तर कसं वाटेल, तसं त्यांचं झालं. त्या आजारी आहेत का? कशाची काळजी लागलीय का? आकडा तर दिसतो. बारीक असला तरी दिसतो.

खाली रस्त्यावर त्या दोघी येताना दिसल्या. काका गॅलरीच्या कठड्याशी उभे राहिले. हाक मारणार होते, पण मारली नाही.

घरमालकिणीच्या एका हातात दोन्ही पिशव्या होत्या आणि दुसऱ्या हातानं तिनं काकूंचं कोपर धरलं होतं. उगाच प्रेमानं धरतात तसं नाही, बेतानं. फूटपाथची कड आली तशी ती थांबली, कोपर हलकेच वर उचललं, काकूंनी पाय वर घेतला. समोरून सायकलवाला आला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं. दाराच्या पायऱ्यांपाशी काकूंचे ओठ हलत होते. त्या पायऱ्या मोजत होत्या.

पाच दिवसांची ओळख, एक शब्द समजत नाही, आणि ह्या बाईला कळलं होतं.

मग काकांना एकेक आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटलं तरी थांबेना. चहा ओतताना काकू हल्ली कपाच्या आत बोट धरतात. भाजतं की, असं ते म्हणालेही होते, आणि काकू हसल्या होत्या. सुईत दोरा ओवायला त्या लेकीला हाक मारतात. घड्याळात किती वाजले ते त्यांनाच विचारतात. चष्मा घरी राहिला. आणि हा समुद्र त्या तासन्‌तास बघतात, मान तिरकी करून. हवालदार हे सगळं दुसऱ्या पानावर ओळखून तीनदा शिंकला असता. काका कागदाचा केसाएवढा तिरका काप दहा फुटांवरून ओळखायचे आणि घरातल्या माणसाकडे त्यांनी वर्षभर बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली.

कारण पुढचं सगळं त्यांना स्पष्ट दिसत होतं. फर्मा चुकला हे काकूंना कळलं की त्या टेबल सोडणार. बोलल्या म्हणजे बोलल्या. आणि टेबलाभोवतीच्या त्या फेऱ्या गेल्या तर काकूंकडे काय उरणार? खिडकीत बसून राहणं. ह्या बाईला रिकामं बसलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायचंही नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. काकांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"वाचलंत ना पुढचं?" आत येता येताच काकूंनी विचारलं.

"छे! मी कशाला वाचतोय?"

"बरं," म्हणाल्या, आणि हातानं चाचपून खुर्ची ओढून घेतली. आज काकांना ते चाचपणं दिसलं.

दुपारच्या जेवणात काकांचं लक्ष नव्हतं. नंतर ते खाली गेले. जिन्याखाली एका फळीवर पाहुण्यांनी मागं टाकलेली पुस्तकं होती. त्यांत आपलं पुस्तक असायचं काही कारण नव्हतं, हे कळत असूनही त्यांनी एकेक काढून पाहिलं. मराठी एकही नव्हतं. घरमालकीण दारात उभी राहून बघत होती. काकांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि वर, दुसऱ्या मजल्याकडे दाखवलं. तिनं हळूच मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. काका म्हणाले, "हो ना. माझ्याच लक्षात आलं नाही." दोघांचं बोलणं तिथे संपलं.

चार वाजता चहा घेऊन दोघं गॅलरीत बसली. समुद्र शांत होता. काठाशी दोनतीन माणसं फिरत होती.

"आज संपवायचं," काकू म्हणाल्या.

"संपवू या."

काकांनी अकरावा फर्मा वाचला. खणात औषधाच्या दोन बाटल्या सापडल्या, कंपाउंडरची बोबडी वळली, भाच्याचं खोटं उघड पडलं, बंगल्यातल्या बाईनं रडून गोंधळ घातला. शेवटी हवालदारानं तिघांनाही दुकानात बोलावलं, कडी लावली, नाक पुसलं आणि म्हणाला, 'आता ऐका.' एकशे शहात्तर पान संपलं.

काकांनी पान उलटलं. समोर पुन्हा एकशे एकसष्ट. त्यावर नजर ठेवून ते बोलायला लागले.

काकांनी जन्मात गोष्ट रचली नव्हती. लेक लहान असताना ती गोष्ट मागायची, तेव्हा ते तिला पुठ्ठ्याचे प्रकार सांगायचे. पण आज इलाज नव्हता. हवालदार म्हणाला, असं त्यांनी म्हटलं, आणि थांबले. भाच्याला खुनी करावं तर काकूंचं माहेर मधे येत होतं. कंपाउंडरला करावं तर तो बिचारा एव्हाना इतका घाबरला होता, की काकांना त्याची दया आली होती.

"'खून कोणीच केलेला नाही,'" काका म्हणाले. "'हवालदारानं दोन्ही बाटल्या वर धरल्या. एक खोकल्याच्या औषधाची. दुसरी घड्याळाची चाकं धुवायच्या पाण्याची, जहरी. दोन्ही सारख्या, दोन्हीवर बारीक अक्षर. घड्याळजी रोज ह्या बाटल्या हाताळत होता. मग त्या दिवशीच कसा चुकला?'"

चुकला हा शब्द तोंडून गेला आणि काकांना पुढचं आपोआप सुचायला लागलं. नको होतं ते, पण तेच येत होतं.

"'चुकला, कारण त्याला दिसत नव्हतं. वर्षभर दिसत नव्हतं. भिंतीवरची घड्याळं म्हणूनच वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. तो ती कानानं लावत होता. त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दुकान बंद करायला लावतील, असं त्याला वाटलं.'"

काकू हलल्या नाहीत.

"'तेव्हा घड्याळजीची बायको पुढं आली,'" काका म्हणाले. "'ती म्हणाली, मला सांगितलं असतं तर दुकान कशाला बंद केलं असतं? मी बाटलीवर मोठी चिठ्ठी लावली असती. पण मीही बघितलं नाही. शेजारी बसून बघितलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझी. हवालदार म्हणाला, बाई, चूक झाली तर फाशी देत नाहीत. मग तो शिंकला आणि घरी गेला.' समाप्त."

काकांनी पुस्तक मिटलं. खालून घरमालकिणीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"घड्याळजीला बायको कुठे होती?" काकूंनी विचारलं. "तिसऱ्या पानावर लेखकानं सांगितलंय, एकटा होता म्हणून."

काकांनी मिटलेलं पुस्तक मांडीवर उगाच सरळ केलं.

"आणि अहो, तुम्ही पान नाही उलटलंत. एक फर्मा वाचायला तुम्हाला अर्धा तास लागतो, सोळा पानांत सातआठदा कागद वाजतो. हा एकदाच वाजला, सुरुवातीला."

चाळीस वर्षं कागद हाताळलेल्या बाईला कागदाचा आवाज ऐकू येतो, हे काकांच्या ध्यानात यायला हवं होतं. दिसत नाही म्हणजे काहीच कळत नाही, असं धरून चालले ते.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मागून उघडलं, डोळ्यांशी नेलं, कडेला धरून बघायचा प्रयत्न केला, सोडून दिला. मग पानं अंगठ्याखालून सोडत, फर्म्यांच्या घड्या मोजत गेल्या. बारा भरल्या.

"बारा तर आहेत," म्हणाल्या. "कुठला दोनदा आलाय?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "अकरावा."

काकूंनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "लेकीचा फोन," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीची पहिली फेरी. पहिली प्रत नेहमीसारखी घरची. अकराव्या थप्पीपाशी होते, हातात अकरावा घेतला आणि फोन वाजला. म्हणाली, आई, तिकिटं काढली. मला इतका आनंद झाला, की परत आले ती अकराव्यापाशीच, आणि बारावा समजून तोच पुन्हा उचलला. डोळे आधीसारखे असते तर आकडा दिसला असता. हल्ली मी पावलं मोजते. पावलांत फोन मोजला नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. मधलं जातं. तुमच्याकडे बघितलं की तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." त्या किंचित हसल्या. "डॉक्टरांकडे जाऊन आलेय. एकटीच. गेलेलं परत येणार नाही म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. इंजेक्शनं घ्यायचीत. म्हटलं, आल्यावर घेते."

"आल्यावर? आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही हे सगळं रद्द केलं असतं. मला समुद्र बघायचा होता, मधलं सगळं जायच्या आत." त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "आणि टेबल. मला भीती वाटली. टेबल सुटलं तर मी करू काय दिवसभर? पण आता सुटलंच. बोलले होते मी."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. काकूंना ते दिसलंही नसतं, पण लपवलं नाही ते त्यासाठी नव्हे.

"तू बोललीस ते मी ऐकलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पाळलं. तुझ्या मागून बघायचं नाही म्हणालीस, नाही बघितलं. ते बघितलं असतं तर हा फर्मा शिवण्याआधीच सापडला असता, आणि बाकीचंही सापडलं असतं. जुळवलास तू, शिवला मी. म्हणजे चूक दोघांची. मग मीही सुई सोडू का?"

"काहीतरीच काय."

"मग तूही काहीतरी बोलू नकोस. आपण परत गेलो की आधी डॉक्टर. त्याच दिवशी. मी येणार बरोबर."

काकूंनी मान हलवली.

"आणि थप्प्यांसमोर मी मोठे आकडे लावून देतो. पुठ्ठ्याचे कापून. हाताला लागतील असे." बाटलीवरच्या चिठ्ठीची आठवण दोघांनाही झाली. काकांनी घसा खाकरला. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. चाळीस वर्षांपूर्वीचे ते चार दिवस त्यांना अजून आठवत होते. "आणि टेबलाखाली पाचशे प्रती आहेत. तू जुळवलेल्या. शिवण्याआधी त्या मी तपासणार. ह्या आणि ह्यापुढच्या सगळ्या."

काकू समुद्राकडे बघत राहिल्या, मान तिरकी करून. काकांनी ह्या वेळी समुद्राकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं.

"तपासा," काकू म्हणाल्या.

चहा केव्हाच गार झाला होता. काकांनी तो तसाच उचलला.

"आणि चूक सापडली तर?" काकूंनी विचारलं.

"तर सरळ करीन," काका म्हणाले, "आणि जेवायला येईन."